जिन्यावरून कुणी पडलं नव्हतं

मला राग मराठीत येतो. घरात आम्ही आमच्या बोहरी बोलीत बोलतो. गुजरातीच्या जवळची ती बोली, मऊ आणि गोड. पण सोळा वर्षं बावाजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभी राहून मी काष्टी-श्रीगोंद्याच्या ऊसवाल्यांशी फूटव्हॉल्व्ह आणि पाइपच्या मापावरून भांडतेय, त्यामुळे चिडले की जीभ आपोआप नगरी होते. त्या रविवारी दुपारीही तेच झालं. म्हणून हे सगळं मराठीतच सांगते. गोड बोलीत सांगायची ही गोष्टच नाही.

थाळ लागला होता. आमच्यात जेवण एकाच मोठ्या थाळ्यात, सगळ्यांनी गोल बसून. बावाजींनी मीठ फिरवलं, सगळ्यांनी बोट लावून चाखलं, दाळ-चावलवर पालिदू, म्हणजे डाळीच्या पाण्याची पातळ आमटी, ओतली गेली. बावाजी, माँ, माझा धाकटा भाऊ हातिम, त्याची बायको अर्वा, आदल्या दिवशी पुण्याहून आलेली बावाजींची बहीण शिरीनफुई, मी, आणि माझ्या मांडीला चिकटून हातिमची लुबैना. लुबैनाला मागच्याच महिन्यात सात पूर्ण झाली. पुढचे दोन दात पडलेत, म्हणून हसताना ती तोंडावर हात ठेवते.

"फुई," ती माझ्या, तिच्या आत्याच्या, कानात म्हणाली. तिचं कानात म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारं. "आज मला चमकीचे सँडल मिळणार. चार वाजता दादीमा आणि पुण्याच्या फुईबरोबर सावेडीला एका मावशींकडे जायचं, मग सँडल. पप्पा गाडी काढणार. पण कुणाला सांगायचं नाही."

माझा घास हातातच राहिला.

"कुणाला सांगायचं नाही, असं कोण म्हणालं?"

"दादीमा. मुलींची गंमत असते ती."

मी माँकडे पाहिलं. ती लिंबू पिळत होती, काहीच झालं नाही अशी. शिरीनफुईने पाण्याचा ग्लास उचलला तो खाली ठेवायचं नावच घेईना. अर्वाची मान खाली, भाताचं एकेक शीत बोटाने गोळा करत बसलेली. सात वर्षं पूर्ण. सावेडीची मावशी. सँडल. मला फालुदा मिळाला होता, एवढाच काय तो फरक.

"रंगुबाई!" मी हाक मारली.

रंगुबाई हात पुसत बाहेर आल्या. पाथर्डीकडच्या. मी दुसरीत गेले त्या वर्षापासून आमच्याकडे धुणंभांडी करतात.

"हिला गच्चीवर न्या. पापड उलटे करायचेत."

"आन् जेवान?"

"ताटलीत घालून द्या. पण न्या."

"जेवण चाललंय, जुमाना," माँ म्हणाली.

"मला दिसतंय काय चाललंय ते."

लुबैना ताटली सांभाळत, पायऱ्या मोजत वर गेली. तिचा आवाज येईनासा झाला तशी मी हात थाळ्याबाहेर घेतला आणि विचारलं, "माँ, लुबैनाचा खतना करायला नेतेयस ना?"

हा शब्द आमच्या घरात पुरुषांसमोर कधी कुणी उच्चारला नव्हता. मुलग्यांच्या खतन्याची गोष्ट निराळी, त्याची मिठाई वाटतात. मुलींचा बायकांनी बायकांत उरकायचा. आजी नेते, आत्या नेते, एखादी ओळखीची बाई पोरीच्या अंगाचा तुकडा कापून टाकते, आणि पोरीच्या हातात काहीतरी गोड देऊन सांगतात, बोलायचं नाही. पोर बोलत नाही. चाळिशीला टेकली तरी बोलत नाही. पुरुषांना काही कळत नाही, कारण त्यांनी कधी विचारलेलं नसतं. पुरुष गाडी चालवतात.

"जुमाना!" बावाजी म्हणाले. "थाळ्यावर बसलीयस."

"म्हणूनच विचारतेय. सगळे एका जागी दुसरीकडे कुठे भेटतात?"

"लाज सोडलीस?" माँचा आवाज चिरका झाला. "बापासमोर? भावासमोर?"

"मला लाज? सात वर्षांच्या पोरीला सँडलचं आमिष दाखवून तू कापायला नेतेयस, आणि लाज मी सोडली?"

हातिमचे कान लाल झाले होते. "माँ, तू तर म्हणालीस, कुराण शिकवणाऱ्या बाईंना भेटायचंय."

"तुला काय करायचंय? तू गाडी काढ. बायकांची कामं बायकांना करू दे."

"नाही, पण..." तो माझ्याकडे वळला. "बेन, हे आपल्या मुलग्यांचं असतं तसंच ना? थोडंसं?"

"थोडंसं!" मला इतका संताप आला की सांगता येत नाही. "पाइपला चीर पडली तर तू गिऱ्हाइकाला बदलून देतोस. मुलीचं काय बदलून देणार आहेस?"

"ओरडू नकोस. सगळेच करतात. आपल्यात आहे ते."

"आपल्यात म्हणजे कुणात? समोरच्या गल्लीतल्या शेख-पठाणांच्या घरी जाऊन विचार. त्यांच्या बायकांनी नावसुद्धा ऐकलेलं नाही. ते नमाज पढत नाहीत?"

"ते ते आहेत, आपण आपण आहोत," माँ म्हणाली. "माझ्या आईने माझं केलं, तिच्या आईने तिचं. पाकीजगी असते ती, शुद्धता. मुलगी ठिकाणावर राहते. उद्या हिच्या लग्नाच्या वेळी तिकडची बाई विचारेल, झालंय ना? तेव्हा तू सांगशील नाही झालं? तुला काय, तुझं घर मोडून तू काउंटरवर उभी आहेस. हिला नांदायचंय."

हे तिने बोलायला नको होतं. माझं लग्न का मोडलं, हे तिला ठाऊक आहे. मी तिला सांगितलं होतं, याच खोलीत, रडत, की नवरा जवळ आला की माझं अंग दगड होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी मला काय काय विचारलं. माँ तेव्हा म्हणाली होती, दुआ कर. मी हेही आता सगळ्यांसमोर ओतणार होते, पण शिरीनफुईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"जुमाना बेटा, आता पूर्वीसारखं नाही राहिलं. सगळं स्वच्छ असतं. सुया उकळतात, औषध लावतात. दोन मिनिटांचं काम."

"फुई, तुम्ही हात काढा."

तिने काढला.

बावाजी रागावले की आधी टोपी नीट करतात. त्यांनी टोपी नीट केली आणि अगदी ठाम आवाजात म्हणाले, "पुरे. मी वर्तमानपत्रात वाचलंय हे. दिल्लीच्या कोर्टात वर्षानुवर्षं पडून आहे. काही घरांत करत असतील, मी नाही म्हणत नाही. पण आपल्या घरात असलं कधी झालेलं नाही. उगाच वडीलधाऱ्यांवर आळ घेऊ नकोस."

खरं सांगते, मला हसू आलं. वाईट हसू. माँने डोळे मिटून घेतले.

"बावाजी, मी दुसरीत होते. दिवाळीची सुट्टी. कापड बाजारातल्या त्या माडीवर मला कुणी नेलं होतं?"

"तुझ्या माँने. कुणा बाईंकडे..."

"आणि आम्हा दोघींना तिथे सोडलं कुणी? स्कूटरवरून?"

त्यांचा हात पुन्हा टोपीकडे गेला.

"तुम्ही खाली उभे होतात. मी पुढे उभी राहून आले होते, हॅन्डल धरून. परत निघताना माँने मला उचलून खाली आणलं. तुम्ही विचारलंत, काय झालं? माँ काय म्हणाली?"

"जिन्यावरून पडली," बावाजी म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले की ते त्यांना स्वतःलाच सांगत होते असं वाटलं. "अंधारा जिना होता तो. तू धावत खाली..."

"मी जिन्यावर पाऊलसुद्धा ठेवलं नाही. मला पाऊल ठेवता येत नव्हतं."

माजघराच्या दारात रंगुबाई उभ्या होत्या. कधी खाली आल्या, कुणी पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "पोरगी शेजारच्या पूजाताईच्या गच्चीवर खेळती हाय, तिला काय बी ऐकू न्हाई गेलं." आणि मग तिथेच थांबल्या. माँने हाताने जा अशी खूण केली. त्या गेल्या नाहीत.

"मालक," त्या म्हणाल्या, "त्या दिशी जुमानाताईची कापडं म्याच धुतली हुती. जिन्यावरनं पडल्याल्या पोरीचं गुडघं फुटत्यात, कोपर फुटतंय. हिचं गुडघं नीट हुतं. तवा म्या बी नवीन हुते, म्हणलं यांच्या घरातलं यांनी बघावं. लई चुकलं माजं."

"रंगुबाई, तुम्ही आत जा," माँ म्हणाली.

"जाते. पन त्या पोरीची कापडं म्या न्हाई धुनार. सांगून ठिवते."

त्या आत गेल्या आणि नळ मोठा सोडला.

बावाजींचं त्या वेळी काय झालं, ते त्यांनी मला दोन दिवसांनी दुकानात सांगितलं, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, माझ्याकडे न बघता. त्यांना तो जिना आठवला. त्या दिवाळीत ते घरमालकाशी भांडले होते. माझी पोर पडली तुमच्या जिन्यावर, लहान लेकरं येतात-जातात, एक कठडा लावता येत नाही तुम्हाला? मालक हात झटकून मोकळा झाला. मग बावाजींनी दुकानातले दीड इंची पाइप काढले, फिटर नेला आणि स्वतः उभं राहून खालपासून वरपर्यंत कठडा बसवून घेतला. कुणाचं लेकरू पुन्हा पडायला नको म्हणून. मला ते कडेवर घेऊन दाखवायलाही गेले होते. बघ, आता कुणी पडणार नाही. आणि मी त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून ओरडले होते, तेव्हा त्यांना वाटलं, पोर जिन्याला घाबरलीय. त्यानंतर किती वर्षं त्या कठड्याला धरून किती पोरी वर गेल्या असतील, हा हिशोब ते त्या थाळ्यापाशी बसून करत होते.

थाळ्यापाशी मात्र ते एवढंच म्हणाले, "मी तुला रागावलो होतो. धावतेस कशाला म्हणून."

"हो."

"सुगरा," ते माँला म्हणाले. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्यावर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता, आणि आताही चढवला नाही, पण आम्ही सगळे दचकलो. "तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस."

"मग काय खरं सांगायचं होतं? तुम्हाला? तुम्हाला कधी कुणी सांगितलं होतं? तुमच्या आईनेच मला सांगितलं, पुरुषांना यातलं काही कळता कामा नये. तुमच्याच आईने बाई ठरवली होती! माझ्यावर कशाला डोळे काढता?"

"लुबैना कुठेही जाणार नाही."

"तुम्ही नका ठरवू. तिची आई बसलीय ना इथे? तिला विचारा. आठ दिवसांपूर्वी मी तिला सांगितलंय, आणि ती नाही म्हणालेली नाही."

सगळे अर्वाकडे वळले. आणि खरं म्हणजे सगळ्यात जास्त चीड मला तिचीच आली होती. एक शब्द नाही! पोटची पोर, आणि ही भाताची शितं मोजतेय!

पण अर्वाचं नंतर ऐकलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. तिला तिच्या वेळचं फार काही आठवत नाही. आठवते ती तिची आई. आई दाराबाहेर उभी होती. अर्वा आतून आई-आई करत होती आणि आई बाहेरून मोठमोठ्याने म्हणत होती, झालं, झालं, आता होईल. ती आत आली नाही. अर्वा अजूनही माहेरी गेली की आईच्या हातचं गोड खात नाही. का, ते तिने तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, आईलाही नाही. आणि आठ दिवस ती हाच विचार करत होती की सावेडीच्या त्या फ्लॅटमध्ये आपण कुठे उभं राहायचं. आत उभं राहिलं तर बघवणार नाही, आणि बाहेर उभं राहिलं तर आपण आपली आई होऊ. नाही म्हणता येतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अर्वा, बोल ना," हातिम म्हणाला. "तुला माहीत होतं, तर मला सांगायचं नाहीस?"

तिने मान वर केली. इतक्या शांत बाईचे डोळे इतके लाल मी पाहिले नव्हते.

"तू विचारलंस? माँ म्हणाल्या गाडी काढ, तू हो म्हणालास. कुठे, कशाला, माझ्या मुलीला कोण बाई भेटणार, काही विचारलंस? तुझी गाडी सर्व्हिसिंगला न्यायची असली तर दहा प्रश्न विचारतोस!"

"अगं, मला वाटलं..."

"तुला काही वाटलं नाही. तुम्हाला कुणालाच काही वाटत नाही." मग ती माँकडे वळली. तिचा एकही शब्द अडला नाही. "माँ, मी नाही म्हणतेय. आठ दिवसांपूर्वी म्हणायला पाहिजे होतं. आता म्हणतेय. लुबैनाला नेलंत तर मी तिला घेऊन या घरातून जाईन, आणि कुठेही जाईन, पण माहेरी जाणार नाही, कारण तिथेही तुम्हीच आहात."

सुनेने तोंड उघडण्याची माँला सवय नव्हती. मग तिने तिचा हुकमी पत्ता काढला.

"शिरीनबेन, तूच समजव हिला. तुझ्या फरिदाचं सांग. हिला वाटतंय, मुलींचं वाटोळं होतं. फरिदाला काय झालं? दोन लेकरं, नवरा हातावर झेलतो, नमाज चुकत नाही. तिच्यासारखी मुलगी अख्ख्या पुण्यात नाही. सांग ना!"

शिरीनफुईने पाण्याचा ग्लास पुन्हा उचलला.

"सांग की!"

"भाभी," फुई म्हणाली, "मला वाटतं, आपण एक करू. आपण चार वाजता निघू. लुबैनाला सँडल घेऊ, आइस्क्रीम देऊ, घरी येऊ. आणि कुणी विचारलं तर सांगू, झालं म्हणून. कोण बघायला येतंय? भांडणही नको, बभ्राही नको."

"झालं म्हणून सांगू? न करता?"

"हो. कुणाला कळत नाही, भाभी. खरंच कळत नाही."

"तुला काय माहीत कळत नाही ते?"

इथे मला आधी कळलं. मग अर्वाला. माँला सगळ्यात शेवटी.

"कारण फरिदाचं मी केलंच नव्हतं," शिरीनफुई म्हणाली.

नळाचं पाणी बंद झालं. आत रंगुबाईसुद्धा ऐकत असणार.

"मी तिला दारापर्यंत नेलं होतं," फुई भराभर बोलायला लागली, एकदा तोंड उघडलं तर संपवूनच टाकू अशी. "तिने माझा हात इतका घट्ट धरला. मला माझं आठवलं. मी तशीच मागे फिरले. तिला दिवसभर सारसबागेत फिरवलं, संध्याकाळी घरी येऊन सासूला सांगितलं, झालं. सासूने मिठाई आणली. मी खाल्ली. फरिदाला सांगितलं, कुणी विचारलं तर हो म्हण. ती आजवर हो म्हणते."

"आणि तुम्ही इथे आलात!" मी उभीच राहिले. थाळ्यावरून असं उठत नाहीत, पण मी उठले. "स्वतःची पोर खोटं बोलून वाचवलीत आणि आमची पोर कापायला पुण्याहून बस पकडून आलात! सुया उकळतात म्हणे! तुम्हाला काय माहीत, उकळतात का नाही ते? तुम्ही कधी आत गेलात?"

"भाभीने बोलावलं. नाही म्हटलं असतं तर तिला शंका आली असती. आणि मला वाटलं, अर्वाला चालतंय..."

"तुमची अब्रू राहावी म्हणून लुबैना!"

"जुमाना, बस खाली," माँ म्हणाली.

मला वाटलं, ती मला गप्प करतेय. पण ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती शिरीनफुईकडे बघत होती, आणि मी आयुष्यात माँचे सगळे राग बघितलेत, दूध उतू गेल्याचा, बुरख्यासारखा आमचा रिदा फाटल्याचा, माझ्या घटस्फोटाचा, पण हा राग मी पाहिला नव्हता.

"फरिदाचं कोणत्या वर्षी?" तिने विचारलं.

"भाभी, जाऊ दे ना आता."

"फरिदा माझ्या नफिसापेक्षा दोन वर्षांनी मोठी."

नफिसा म्हणजे माझी धाकटी बहीण. लग्न होऊन दुबईला असते, नवरा आणि मुलीबरोबर.

"म्हणजे नफिसाला नेलं तेव्हा," माँ एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तू फरिदाला आधीच मागे आणलेलं होतंस. मी घाबरले होते, शिरीनबेन. जुमानाला त्या वेळी ताप भरला होता, आठ दिवस उतरला नव्हता. मला नफिसाला न्यायचं नव्हतं. मी तुला फोन करून विचारलं होतं, आठवतं? मी म्हणाले, नाही नेलं तर? तू काय म्हणालीस?"

शिरीनफुईने रिद्याचं टोक तोंडात धरलं.

"तू म्हणालीस, माझ्या फरिदाचं झालं, काही होत नाही, भाभी, घेऊन ये. आणि तू आलीस. नफिसाला तू मांडीवर घेऊन बसलीस. मला बघवेना, मी तोंड फिरवलं. तू तिला धरलंस. माझ्या पोरीला, तू."

"मी काय करणार होते? मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मला..."

"मी नसतं नेलं!" माँ किंचाळली. "तू एक शब्द बोलली असतीस तर मी नसतं नेलं! मला एक बाई हवी होती, एकच, जिने केलं नाही आणि जिची पोर तरीही नीट आहे. मला वाटत राहिलं, सगळ्यांनी केलंय, मीच भित्री आहे. आणि ती बाई माझ्याच थाळ्यावर बसून माझी मिठाई खात होती!"

मी कित्येक वर्षं माँला शंभर गोष्टी ऐकवल्या होत्या. डॉक्टरांचं सांगितलं, पेपरची कात्रणं दाखवली, दुसऱ्या बायकांच्या मुलाखती मोबाईलवर लावून दिल्या. आत्ता बावाजींचा चेहरा तिने पाहिला होता. कशाने ती हलली नाही. आणि फरिदाने हलली. दोन लेकरांची, नमाज न चुकवणारी, नवऱ्याची लाडकी फरिदा, जिचं कधी काही झालंच नव्हतं आणि तरी काही बिघडलं नव्हतं. मला याचाही राग आला. माझं मोडलेलं आयुष्य तिच्यासमोर तीस वर्षं उभं होतं, ते पुरावा म्हणून चाललं नाही.

"भाभी, जे झालं ते झालं," फुई रडत म्हणाली. "निदान आता तरी माझं ऐक. नेऊ नकोस, पण झालं म्हणून सांग. जमातीत राहायचंय आपल्याला. हातिमचं दुकान आहे. उद्या कुणी बोलेनासं झालं तर?"

हातिमने मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलवली, ते त्यालाही कळलं नसावं.

"मी खोटं बोलणार नाही," अर्वा म्हणाली. "कुणी विचारलं तर सांगेन, नाही केलं."

"तू गप्प बस गं, तुला कळत नाही..."

"तिला कळतं," माँ म्हणाली. "तुझ्या एका खोट्यात माझी नफिसा गेली. आता मी खोटं बोलू? आणि माझं बघून आणखी कुणी तरी आपली पोर घेऊन जाईल, ती कुणाच्या डोक्यावर?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सव्वाचार झाले होते. जेवण कधीच गार पडलं होतं आणि आम्हाला वेळेचं भान नव्हतं. बावाजींनी फोन घ्यायला हात पुढे केला. माँने तो बाजूला सारला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"सुगराबेन, किती वाट बघू?" सावेडीची ती बाई घाईत होती. "मला सहाची गाडी आहे."

"आम्ही येत नाही."

"का? पोरगी आजारी पडली का? मग पुढच्या महिन्यात बघू. मी येईनच."

"नाही, नाही. पोरगी ठणठणीत आहे."

"मग?"

"ठणठणीत आहे म्हणूनच नाही आणत."

पलीकडे बाई हसली, समजूत घालणारं हसू. "घाबरलात का? सुगराबेन, अहो, तुमच्या दोन्ही मुली माझ्याच हातून गेल्यात. विसरलात?"

"दोन्ही," माँ म्हणाली. "मोजलंय मी. आता तिसरी नाही. आणि पुन्हा या नंबरवर फोन करू नकोस."

तिने फोन बंद केला. मी वाट बघत होते. तीस वर्षं मी तिच्याकडून एका शब्दाची वाट बघतेय, आणि मला वाटलं, आता तो येईल. तिने माझ्याकडे पाहिलं, तिचे ओठ हललेही. पण तो शब्द तिला जमला नाही. तिने फोन माझ्यासमोर धरला.

"नफिसाला लाव," ती म्हणाली. "तिच्या उम्मेहानीला कितवं चाललंय?"

"सातवं," मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात सात पूर्ण होतील."

"मग लाव ना, बघत काय बसलीस!"